एकाच नंबरची दोन यंत्रं

दादाच्या खोलीत दोन यंत्रांचं भांडण लागलं होतं आणि नर्सबाईला पुढच्या घरी जायची घाई होती.

पहिलं यंत्र दादाचं, जुनं. कीबोर्डच्या पुढ्यात ठेवायची एक लांबट पट्टी. तिच्या भोकांतून टाचणीच्या टोकाएवढे ठिपके वर येत आणि खाली जात. पडद्यावर जे अक्षर उमटेल ते या पट्टीवर ब्रेलच्या ठिपक्यांनी उठे, आणि दादा ते बोटाने वाची. एका तापाने आधी दादाचे डोळे नेले आणि तेवढ्याने पोट भरलं नाही म्हणून मग हळूहळू कानही नेले. तेव्हापासून जगाला दादाकडे यायचं असेल तर या पट्टीवरूनच यावं लागे. समोरच्याने कीबोर्डवर लिहायचं, दादाने वाचायचं आणि तोंडाने उत्तर द्यायचं. बोलणं शाबूत होतं. फक्त स्वतःचा आवाज कानावर पडत नसल्यामुळे त्यातले चढउतार गेले होते, त्यामुळे विनोद आणि शिवी दोन्ही एकाच सुरात निघत.

दुसरं यंत्र त्याच सकाळी आलेलं. दादाचं हृदय थकलं होतं, अंगात पाणी साठून दम लागत होता. हॉस्पिटलने त्याला घरी सोडलं ते एका अटीवर: बोटाला चोवीस तास चिमटा लावून ठेवायचा. चिमटा रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी मोजणार, एका छोट्या खोक्यावर आकडे दाखवणार, आणि खोकं यूएसबीच्या केबलने संगणकाला जोडलं की तेच आकडे हॉस्पिटलच्या पडद्यावर दिसणार. आकडा घसरला की इथे घंटी, तिथे घंटी. आणि हे जोडकाम जमलं नाही तर दादाला उचलून परत वॉर्डात. तिथे पट्टीही नाही आणि तिच्यावर काही लिहिणारं माणूसही नाही.

दोन्ही यंत्रं एकाच संगणकाला लावायची होती आणि ती नांदायला तयार नव्हती.

भांडण सोडवायला बसला होता धाकटा, म्हणजे दादाचा सख्खा भाऊ. तो एका खोक्यांच्या कारखान्यात वजनकाटे आणि बारकोडच्या पट्टेरी खुणा वाचणारी यंत्रं सांभाळायचा, आणि ती सगळी लिनक्सवर चालणारी. दादाचा संगणकही त्यानेच उभा केला होता. त्याने पडद्यावर काळी खिडकी उघडली, खोक्याची केबल काढली, पुन्हा लावली आणि धावणाऱ्या ओळी वाचल्या. नवं उपकरण सापडलं. जोडलं. दुसऱ्या प्रोग्रामने ताबा घेतला. तोडलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

"काय म्हणतंय?" वहिनीने विचारलं. ती दारात उभी होती, पदराला हात पुसत. हात कोरडेच होते.

"म्हणतंय काय, सवतीमत्सर," धाकटा म्हणाला. "दोघींच्या पोटात एकाच बनावटीची चिप आहे. पट्टी चालवणारा ठिपक्यांचा प्रोग्राम तेवढी चिप बघतो आणि हीच माझी पट्टी म्हणून झडप घालतो. मग ते खोकं मुकं होतं. त्याने खोकं धरलं की पट्टी सुटते. म्हणजे हिचंही नाही आणि तिचंही नाही."

"नंबर नसतो का यंत्रांना? नंबरवरून ओळखायचं."

प्रश्न शहाणा होता. धाकट्याने नंबर काढून पाहिले. पट्टीचा नंबर शून्य शून्य शून्य एक. खोक्याचाही शून्य शून्य शून्य एक. दोन्ही कारखान्यांनी चिपा विकत घेतल्या तशाच बसवल्या होत्या, नंबर बदलायची तसदी कोणी घेतली नव्हती. जगातली निम्मी माणसं अशीच कामं करतात आणि उरलेल्या निम्म्यांना ती निस्तरावी लागतात.

हा तंटा धाकट्याला नवा नव्हता. कारखान्यात नवा संगणक आला की त्याचं पहिलं काम ठरलेलं: वजनकाटा जोडायच्या आधी ठिपक्यांचा प्रोग्राम काढून टाकायचा. लिनक्सबरोबर तो आपोआप येतो, वजनकाट्याची चिप बळकावून बसतो आणि कामगारांत आंधळं कोणी नाही. इंटरनेटवर जाऊन विचारा, जो तो हेच सांगेल. काढून टाका, कोणाला लागतो तो? धाकट्याच्या बोटांना ती कमांड इतकी पाठ होती की झोपेतही लिहिली असती. या खोलीत मात्र ज्याला तो लागत होता तो हातभर अंतरावर बसला होता.

दादाच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं पहिलं बोट पट्टीवरून फिरत होतं. "सपाट आहे," तो म्हणाला. "कोण आहे खोलीत? नर्स आहे ना अजून? तिच्या हाताला चांगल्या साबणाचा वास आहे."

नर्सबाईला हसू आलं, पण घड्याळाकडे बघून तिने ते आवरलं.

सरळ उपाय धाकट्याला ठाऊक होता. नंबरवरून ओळखता येत नसेल तर जागेवरून ओळखायचं. संगणकाच्या मागच्या यूएसबीच्या भोकात जे असेल ती पट्टी, पुढच्या भोकात जे असेल ते खोकं, आणि ठिपक्यांच्या प्रोग्रामला बजावायचं की बाबा रे, मागच्या भोकापलीकडे बघायचं नाही. तसा नियम त्याने एका फाईलमध्ये लिहिला, केबली काढून लावल्या. प्रोग्रामने जुन्या सवयीने पुन्हा खोक्यावर झडप घातली. नियम कुठेतरी उशिरा वाचला जात होता. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायला निवांत अर्धा तास हवा होता.

"अहो भाऊ," नर्सबाई म्हणाली, "आकडे दिसल्याशिवाय मला निघता येत नाही. आणि जमणारच नसेल तर तसं सांगा, मी गाडी बोलावते. पेशंटला असं विनामशीन ठेवता येणार नाही."

वहिनीने धाकट्याकडे पाहिलं. हॉस्पिटलात दादा कसा होता ते दोघांनीही पाहिलं होतं. कोण शिवतंय, कशासाठी शिवतंय, काही कळत नाही. सुई टोचली की कळायचं ती सुई होती. एकदा त्याने एका वॉर्डबॉयचा हात धरला तो सोडेचना.

धाकट्याने पाठ असलेली कमांड लिहिली. ठिपक्यांचा प्रोग्राम निघून गेला आणि खोक्यावर आकडे उगवले. नर्सबाईने फोन लावून विचारलं, तिकडेही दिसत होते.

"तात्पुरतं आहे," धाकटा वहिनीला म्हणाला. "रविवारी येऊन नीट बसवतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

नर्सबाईने चिमटा आधी मधल्या बोटाला लावून पाहिला, मग करंगळीला. दादाची बोटं थंड होती, आकडा येता येत नव्हता. उजव्या पहिल्या बोटावर मात्र लगेच आला. डाव्या हाताकडे कोणी वळलंच नाही, कारण तो दादाने मांडीखाली दाबून ठेवला होता, दम लागला की ठेवायचा तसा.

"हे बोट नको," दादा म्हणाला. "हे वाचायचं आहे."

"आता ही पट्टी बंदच आहे ना?" नर्सबाईने विचारलं. "मग असू दे सध्या. चालू झालं की बदला. आणि तसंही चिमटा मधून मधून दुसऱ्या बोटाला लावत जा, एकाच जागी ठेवू नका."

वहिनीने मान हलवली. धाकट्याने दादाचा तळहात उघडला आणि बोटाने एकेक मोठं अक्षर काढत लिहिलं: मशीन बिघडलं. रविवारी.

"तू हात लावलास की बिघडणारच," दादा एकसुरी आवाजात म्हणाला. "माझा रंधा तूच मोडला होतास."

त्या रविवारी कारखान्यात माल वाहायचा नवा पट्टा बसला आणि धाकट्याला तिथे जावं लागलं. हे खरं होतं. पुढच्या रविवारी त्याला सर्दी झाली होती आणि दादाला संसर्ग नको, असं तो वहिनीला म्हणाला. तेही निम्मं खरं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच झालं नव्हतं, पण तोवर कोणी कारण विचारेनासं झालं होतं. आजचं मरण उद्यावर ढकलायला माणसाला फार शिकावं लागत नाही.

फोनवर वहिनी सांगायची, "आकडे छान येतायत हो भावजी. हॉस्पिटलचा एकदाही फोन नाही. आणि हे हल्ली शांत असतात. कटकट नाही."

ती कटकट धाकट्याला चांगली माहीत होती. दादा पूर्वी सुतार होता, आणि सुताराला अंदाजे चालत नाही. जिन्याला नवा रंग दिला? कोणता? हिरवा म्हणजे कसला हिरवा? सागाचा भाव काय चाललाय? कोपऱ्यावरचा न्हावी अजून बायकोशी बोलत नाही का? धाकटा भेटायला गेला की दोन दोन तास लिहीत बसायचा, मनगटं दुखून यायची आणि दादाचं बोट पुढे पुढे धावत म्हणायचं, मग? मग काय झालं? आता गेलं की तळहातावर दोन शब्द काढायचे आणि चहा पिऊन यायचं. धाकट्याला सुटल्यासारखं वाटत होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही आणि स्वतःशीही कबूल केलं नाही.

वहिनीचं निराळं होतं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय आता वर येणार नाही, मूत्रपिंडंही मागे पडायला लागली आहेत, फार दिवसांचा हिशोब करू नका. पट्टी चालू असती तर दादाने रिपोर्ट उघडायला लावला असता आणि ओळन् ओळ वाचली असती. पट्टीवर काही दडवणं तिला कधी जमलं नव्हतं, ती लिहिताना थांबली की दादा म्हणायचा, "काय खाडाखोड करतेस?" आता सुंठीवाचून खोकला गेला होता. तळहातावर तिला चार शब्द पुरत. जेवण. गोळी. लघवी. झोप. सगळं जग तेवढ्यात आटोपलं.

मग एके दिवशी सकाळी तिचाच फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"भावजी, या तुम्ही. हे परवापासून बोललेच नाहीत. जेव म्हटलं की जेवतात, नीज म्हटलं की निजतात. काल मी नखांनी दंडाला चिमटा घेतला, मुद्दाम. तरी गप्प."

धाकटा रजा टाकून गेला.

दादा खुर्चीवर त्याच टेबलाशी बसला होता. पायांना सूज होती आणि गाल आत गेले होते. उजवा हात पट्टीवर होता.

"सकाळी उठले की तिथेच हात," वहिनी म्हणाली. "उचलून ठेवला की परत तिथेच."

धाकट्याने त्याचा डावा तळहात घेऊन लिहिलं: मी आलो.

"कोण?"

धाकटा.

"बरं," दादा म्हणाला.

एवढंच. न्हाव्याचं विचारलं नाही, जिन्याचं विचारलं नाही. रविवार कुठे गेला असंही विचारलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो संगणकापुढे बसला.

त्याने ठिपक्यांचा प्रोग्राम परत बसवला. मग आपला जुना नियम उघडला. चूक केवढीशी होती! लिनक्स असल्या फाईली नावांच्या क्रमाने वाचतं, आणि त्याची फाईल प्रोग्रामच्या स्वतःच्या फाईलनंतर येत होती. म्हणजे झडप आधी, मनाई नंतर. त्याने फाईलच्या नावाआधी लहान आकडा घालून तिला रांगेत पुढे नेली. मागच्या भोकाला एक नाव दिलं, पुढच्याला दुसरं, आणि ठिपक्यांच्या प्रोग्रामला फक्त मागचं नाव सांगितलं. दोन्ही केबली उपटल्या, उलट क्रमाने लावल्या. संगणक बंद करून सुरू केला. खोक्यावर आकडे आले आणि पट्टीतून बारीक खुळखुळ करत ठिपके वर आले.

त्या आवाजाने वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. धाकट्याच्या शेजारी तिने ठेवलेला चहा अजून गरम होता. एवढाच वेळ लागला. एवढ्या वेळासाठी त्याने एक माणूस अंधारात बसवून ठेवला होता, आणि हे त्याला चहाकडे बघताना कळलं.

त्याने लिहिलं: दादा, मी धाकटा. चालू झालं.

मग तो उजव्या बोटाचा चिमटा काढायला गेला. चिमट्यावर चिकटपट्टीचे वेढे होते.

"सैल व्हायचा," वहिनी म्हणाली. "सैल झाला की घंटी. रात्रीतून किती वेळा उठायचं हो मी? म्हणून बांधून टाकला. दुसऱ्या बोटांवर लावून बघितला, नाही असं नाही. आकडाच येईना."

चिकटपट्टी सोडवून त्याने चिमटा काढला. बोटाचं टोक चपटं झालं होतं. जिथे चिमट्याचा दिवा बसायचा तिथे फोड येऊन सुकला होता आणि त्यावर काळपट, जाड कातडं धरलं होतं. थकलेल्या हृदयाचं रक्त बोटांच्या टोकापर्यंत धड पोचत नाही, आणि जे पोचत होतं तेही चिमट्याने दाबून धरलेलं. धाकट्याने त्यावर हळूच नख रोवलं. दादाला पत्ता नव्हता.

धाकट्याने चिमटा दादाच्या डाव्या हाताला लावला. तीन वेळा जागा बदलल्यावर आकडा आला. वहिनीने तोंड फिरवलं. मग त्याने दादाचं उजवं बोट धरून ओळीच्या सुरुवातीला ठेवलं आणि सोडलं. बोट ओळीवरून सरळ, सावकाश गेलं, शेवटाला पोचलं आणि परत आलं.

"सपाट आहे," दादा म्हणाला.

धाकट्याने स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. ठिपके टोकदार उभे होते.

त्याने दादाचं मधलं बोट ठेवलं. दादाच्या भुवया आत आल्या. "वाळू आहे," तो म्हणाला. "अक्षर नाही." डाव्या हाताचा उपयोगच नव्हता. सुताराचा उजवा हात मारतो आणि डावा मार खातो. दादाच्या डाव्या बोटांची टोकं हातोडीने आणि पटाशीने केव्हाच मेली होती. वाचायला शिकलं होतं ते हे एकच बोट, चाळिशीनंतर, दोन वर्षं धडपडून.

धाकट्याने तळहातावर लिहिलं: मशीन ठीक. तुझं बोट.

दादाने अंगठ्याने ते टोक चाचपलं. काळ्या कातड्यावर अंगठा गोल गोल फिरवला, फळीवरची गाठ बघावी तसा. वहिनी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो दादाला ऐकू येणार नव्हता म्हणून तिने आवरलाही नाही.

मग दादाने दोन्ही हातांनी पट्टी पुढे ओढली, टेबलाच्या कडेपर्यंत आणली, खाली वाकला आणि तिच्यावर ओठ टेकवला.

धाकट्याला आधी वाटलं, तो कोसळला. पण ओठ सरकत होता. खालचा ओठ ठिपक्यांवरून डावीकडून उजवीकडे, गोगलगाय सरकेल तसा, आणि त्याबरोबर एकसुरी आवाज.

"दा. दा. मी. धा."

खोक्यावरचा आकडा घसरायला लागला. हृदय असं थकलं की माणसाला वाकता येत नाही. वाकलं की छाती दबते आणि श्वास तुटतो. दादा "कटा"पर्यंत पोचला आणि घंटी वाजली. वहिनीने धावत जाऊन त्याला खांद्यांना धरून सरळ केलं. तो धापा टाकत होता, ओठावर ठिपक्यांचे वळ उठले होते आणि तोंड हसत होतं. आकडा हळूहळू वर आला. घंटी थांबली.

"येतंय," दादा म्हणाला. "ओठाने येतंय. पुसू नका. थांबू नका." मग दम घेऊन त्याने विचारलं, "काय झालं होतं याला, इतके दिवस?"

धाकट्याचे हात कीबोर्डवर होते. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. एका बनावटीची चिप, एक नंबर, घाईतली नर्स, फाईलींचा क्रम, कारखान्यातला नवा पट्टा, सर्दी. सगळं ओळीने लावलं तर दोष त्याच्या वाट्याला जेमतेम चिमूटभर आला असता. आणि 'बिघडलं होतं' हे तर तयारच होतं, एकदा तळहातावर लिहून झालेलं. पण दादाला प्रत्येक अक्षर श्वास मोजून घ्यावं लागणार होतं. खोटं बोलायचं तर तेही त्याला वाकून, गुदमरत वाचावं लागलं असतं, आणि एवढा निर्लज्ज धाकटा नव्हता.

त्याने लिहिलं: मी बंद केलं.

दादा वाकला. "मी. बं. द. के. लं." घंटी वाजायच्या आत तो स्वतःच वर आला. वाचलेलं त्याने मनाशी जुळवलं.

"का?"

कारण विचारलंय तर सांगायलाच हवं, आणि थोडक्यात. धाकट्याने डोळे पुसले आणि सापडला तो सर्वांत लहान खरा शब्द लिहिला.

दादाचा ओठ पट्टीवर टेकला. "आ," तो म्हणाला. "ळ. स."

तो वर आला. वहिनीने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला, मग काढून घेतला. तिलाही त्या शब्दातला आपला वाटा कळला होता.

"मला वाटलं, मी मेलोय," दादा म्हणाला, "आणि सांगायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही."

आवाज नेहमीचाच. विनोद होता की काय, कळायला मार्ग नव्हता. धाकट्याला हुंदका आला. दादाने हात पुढे करून अंदाजाने त्याचं मनगट शोधलं, दोनदा थोपटलं आणि बाजूला सारलं, म्हणजे उठ.

"हिला बसव," तो म्हणाला. "डॉक्टरांनी हिला काय सांगितलं ते मला हवंय. हिलाच सांगितलं असणार. सगळं लिही म्हणावं. गाळायचं नाही."

वहिनी खुर्चीवर बसली. पडद्याकडे बघत राहिली. धाकट्याला वाटलं, ती उठेल. ती उठली नाही. तिने लिहायला सुरुवात केली आणि या वेळी मध्ये कुठे थांबली नाही. पट्टीत खुळखुळ झाली आणि दादा वाकला.

आकडा घसरला, घंटी वाजली. दादा वाचत होता, एकेक अक्षर मोठ्याने, मध्ये श्वासाची शिटी. वाक्याच्या मध्यावर आल्यावर वहिनीचा हात आपोआप त्याच्या खांद्याकडे गेला. दादाने तो झटकला आणि ती पुढे लिहू लागली, गालावरून ओघळणारं न पुसता.

टेबलावरचा फोन वाजला. हॉस्पिटल. धाकट्याने उचलला.

"पेशंटचा आकडा पडतोय," पलीकडे बाई होती. "काय चाललंय तिथे? चिमटा सुटलाय का?"

"नाही. ते वाचतायत."

"काय करतायत?"

"वाचतायत."

"अहो, त्यांना आधी सरळ बसवा. आत्ताच्या आत्ता. ऐकताय ना?"

धाकट्याने दादाकडे पाहिलं. वाकलेली पाठ वरखाली होत होती आणि ओठ ओळीच्या शेवटाकडे सरकत होता. अजून दोन शब्द राहिले होते.

"बसवतो," तो म्हणाला. "एवढं वाचून होऊ दे."